‘मान्य आहे’ दाबलं, म्हणजे कोर्टाचं दार बंद झालं का?

वाचकाचं पत्र: ताई, मी बरीच वर्षं एकाच कंपनीच्या ऑनलाइन सेवेवर खेळतोय. गेम, पात्रांचे पोशाख, सीझन पास असं पुष्कळ काही पैसे मोजून घेतलं. मागच्या महिन्यात अकाउंट कायमचं बंद झालं. कारण एका ओळीत आलं, ‘अनधिकृत सॉफ्टवेअरचा वापर’. मी तसलं काही वापरलेलं नाही. वॉलेटमध्ये शिल्लक होती, तीही गेली. त्याच आठवड्यात बॅन झालेले आम्ही बरेच जण एका ग्रुपवर जमलोय आणि सगळ्यांनी मिळून एक दावा ठोकावा असं चाललंय. पण ग्रुपमधला वकिलीचा एक विद्यार्थी म्हणतो, की अकाउंट उघडताना आपण करार मान्य केला, त्यात कोर्टात जाणार नाही असं कबूल केलं, विषय संपला. शिवाय माझ्या भावाच्या अकाउंटवर आता सुधारित करार आलाय आणि तो मान्य केल्याशिवाय लॉगिन होत नाही. तो विचारतोय, दाबू का? आम्ही काय करावं? — बॅन झालेला

उत्तर:

तुमचा विद्यार्थी मित्र अर्धा बरोबर आहे. त्या अर्ध्यावर विश्वास ठेवून लोक गप्प बसले, की कंपनीचं काम झालं.

अशा करारात ‘दावा लावता येणार नाही’ असं सरळ वाक्य सहसा नसतंच. असतं ते असं: दावा एकट्याने लावायचा, न्यायालयाऐवजी लवादापुढे, म्हणजे निकाल देणाऱ्या खासगी पंचापुढे लावायचा, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी लावायचा, ठरावीक मुदतीत लावायचा, आणि जिंकलात तरी अमुक रकमेच्या वर मागायचं नाही. हक्क कागदावर शाबूत असतो, तो वापरायला गेलं की परवडत नाही. विषय संपला का, यापेक्षा तुमच्यासाठी खरा प्रश्न हा आहे, की या अडथळ्यांपैकी तुमच्या बाबतीत कायद्याने टिकणारे किती आणि नुसते दटावण्यासाठी लिहिलेले किती.

आधी हे ‘एकट्याने आणि लवादापुढे’वालं कलम गेमिंगमध्ये आलं कुठून ते सांगते, कारण सगळ्या कंपन्यांचे करार एकसारखे का दिसतात याचं उत्तर त्यात आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये कुणीतरी बाहेरून घुसलं. सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि सेवा तीन आठवड्यांच्या वर बंद राहिली. लोकांची वैयक्तिक माहिती बाहेर गेल्याचं कंपनीने २६ एप्रिलला सांगितलं. योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी, २७ एप्रिलला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एटी अँड टी मोबिलिटी या दूरसंचार कंपनीच्या खटल्यात निकाल दिला. तक्रार होती फुकट म्हणून जाहिरात केलेल्या फोनवर लावलेल्या ३० डॉलर २२ सेंट कराची. एवढ्याशा रकमेसाठी कुणी एकटा भांडत नाही, म्हणून ग्राहकाला सामूहिक दाव्याची वाट मोकळी राहिली पाहिजे, असं कॅलिफोर्नियातल्या न्यायालयांचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने ते खोडलं. १९२५ च्या केंद्रीय लवाद कायद्यापुढे राज्याचा असा नियम चालणार नाही, करारात ‘एकट्यानेच लवादाकडे जा’ असं असेल तर तसंच जायचं.

त्यानंतर वेळ लागला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सोनीचा नवा करार आला, त्यात लवाद होता आणि सामूहिक दाव्यावर पाणी सोडण्याचं कलम होतं. नको असेल तर ३० दिवसांच्या आत कागदावर पत्र लिहून टपालाने कळवायचं. ज्या कंपनीचा सगळा धंदा ऑनलाइन, तिला नकार मात्र पोस्टाने हवा! इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीने त्याच महिन्यात हे कलम घातलं, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स लाइव्हसाठी डिसेंबरमध्ये, आणि स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१२ च्या उन्हाळ्यात. सव्वा वर्षात बहुतेक मोठी नावं एका रांगेत आली.

सामूहिक दावा गेला की काय जातं, हे तुमच्याच ग्रुपवरून पाहा. तुमच्यापैकी प्रत्येकाचं नुकसान एखाद्या वकिलाच्या फीपेक्षा कमी असणार. एकेकट्याने भांडण्यात अर्थ नाही. सगळ्यांचं एकत्र केलं तर वकिलालाही परवडतं आणि कंपनीलाही जाग येते. लवादात तोटे आणखी दोन. सुनावणी खासगी असते, त्यामुळे एकाच्या निकालाचा दुसऱ्याला उपयोग होत नाही. आणि लवादाने कायदा चुकीचा लावला तरी अपिलाची वाट अगदी अरुंद असते. न्यायालयापेक्षा ते काम लवकर उरकतं, हे मात्र खरं आहे, आणि छोट्या, सरळ तक्रारीत तेवढंच पुरतं. लवाद म्हणजे लबाडीच असं मी म्हणणार नाही. मला खटकतं ते त्याला जोडलेलं ‘एकट्यानेच’.

पण या कलमाचं पुढे जे झालं ते मोठं गमतीचं आहे. ग्राहकाला लवाद महाग पडतो ही टीका टाळण्यासाठी व्हॉल्व्हने २०१२ मध्येच कबूल केलं होतं, की ठरावीक रकमेच्या आतल्या दाव्यांत तक्रार अगदीच पोकळ नसेल तर लवादाचा खर्च आम्ही भरून देऊ, निकाल काहीही लागो. हिशेब सोपा होता, एकेकटे येऊन येणार किती? मग अमेरिकेतल्या वकिलांनी तोच कागद उलटा धरला. एकत्र येऊ देत नाही ना, मग हजारो जण वेगवेगळे येतो, आणि प्रत्येकाच्या प्रकरणाचं शुल्क तुम्ही भरा. याला तिकडे सामूहिक लवाद म्हणतात. व्हॉल्व्हने एका वकिली फर्मवर २०२३ मध्ये या डावपेचांबद्दल उलट दावासुद्धा लावला. शेवटी २६ सप्टेंबर २०२४ ला कंपनीने करारातून लवादाचं कलम आणि सामूहिक दाव्यावरची बंदी दोन्ही काढून टाकलं आणि वाद न्यायालयातच न्या, असं सांगितलं. जे कलम बारा वर्षं ग्राहकाच्या भल्याचं म्हणून ठेवलं होतं, ते महाग पडू लागताच गेलं. म्हणून पहिली गोष्ट ही करा, की तुम्ही अकाउंट उघडलं तेव्हाचा करार घेऊन बसू नका. आज लागू असलेला वाचा. मध्ये तो किती वेळा बदलला आणि तुम्ही किती वेळा न वाचता मान्य केला, देव जाणे. तुमच्या मित्राने सांगितलेलं कलम कदाचित आता त्यात नसेलही.

आता हे अडथळे टिकतात कुठे आणि मोडतात कुठे.

अमेरिकेत ते बरेचसे टिकतात, तरी नेहमीच नाही. सेकंड लाइफ नावाचं आभासी जग चालवणाऱ्या लिंडन लॅबने एका वापरकर्त्याचं अकाउंट गोठवलं. त्याने तिथली आभासी जमीन लिलावातल्या पळवाटेने स्वस्तात घेतली, असा कंपनीचा आरोप होता. त्याची इतर मालमत्ताही अडकली. तो न्यायालयात गेला, कंपनी म्हणाली लवादाकडे जा. २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या संघीय न्यायालयाने लवादाचं कलम लागू करायला नकार दिला. कारणं वाचण्यासारखी आहेत: करार ‘घ्या नाहीतर सोडा’ पद्धतीचा, कंपनी तो वाटेल तेव्हा बदलणार, अकाउंट मनाला येईल तेव्हा गोठवणार, आणि ग्राहकाने मात्र खर्चात वाटा उचलून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत यायचं. इतका एकतर्फी कागद आम्ही अंमलात आणणार नाही, असा त्याचा सारांश. प्रकरण पुढे तडजोडीने मिटलं. मात्र याच निकालाचा अभ्यास करून कंपन्यांच्या वकिलांनी पुढचे करार सुधारले, हेही ध्यानात घ्या. सुनावणी फोनवर होईल, खर्च आम्ही देऊ, छोट्या दाव्यांच्या न्यायालयात जायची मुभा राहील, अशा गोड ओळी नंतरच्या करारांत दिसतात त्या अशाच धक्क्यांमुळे. गोड असल्या तरी त्या तुमच्या कामाच्या आहेत, वापरा.

ऑस्ट्रेलियात चित्र पार वेगळं दिसतं. तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये व्हॉल्व्हवर खटला भरला, कारण स्टीमच्या करारात परतावा मिळणार नाही असं लिहिलेलं होतं. व्हॉल्व्हचा बचाव असा, की आमचा करार अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याखाली आहे आणि आमचा ऑस्ट्रेलियात व्यवसायच नाही. तिथल्या संघीय न्यायालयाने दोन्ही मुद्दे बाजूला सारले. ग्राहक इथले, तर ग्राहक कायदा इथला, आणि त्यातली हमी करारातल्या वाक्याने काढून घेता येत नाही. २०१६ च्या अखेरीस ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला, अपील फेटाळलं गेलं, आणि २०१८ मध्ये तिथल्या उच्चतम न्यायालयानेही दार उघडलं नाही. २०२० मध्ये सोनीच्या युरोपीय शाखेलाही तिथेच ३५ लाखांचा दंड झाला. गेम डाउनलोड झाला की परतावा नाही, असं ग्राहकांना सांगणं दिशाभूल ठरलं.

युरोपीय संघात १९९३ पासून एक निर्देश आहे. ग्राहकाशी वाटाघाट न करता छापलेल्या करारातली, त्याच्यावर अन्याय होईल इतकी एकतर्फी अट त्याला बांधत नाही. ग्राहकाला न्यायालयात जाऊ न देणारी अट अशांच्या यादीत नावानिशी आहे.

आणि भारतात राहून तक्रार करणाऱ्यासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. ऑनलाइन सेवेच्या करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात २०१८ मध्ये हे पक्कं केलं. कंपनी परदेशातल्या शहराचं नाव लिहो, तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार दाखल करता येते, कलम ३४ तसं म्हणतं. तुमच्या ग्रुपसाठी महत्त्वाचं कलम आहे ३५. एकच तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने, आयोगाची परवानगी घेऊन, एक किंवा अधिक जण एकत्रित तक्रार करू शकतात. तुमच्या विद्यार्थी मित्राने बहुधा अमेरिकन करार अमेरिकन चष्म्यातून वाचला. मुदत दोन वर्षांची आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून. करारात याहून कमी मुदत लिहिली असेल तर तिला भारतीय करार कायद्याचं कलम २८ आडवं येतं. ‘अन्याय्य करार’ म्हणून खुद्द अटच रद्द करून हवी असेल, तर ती मागणी जिल्हा आयोगात नाही, राज्य आयोगात करावी लागते. सुरुवातीला तिकडे जाऊ नका. सेवेतली त्रुटी आणि अडकलेले पैसे इतकाच मुद्दा ठेवला, तर काम जिल्हा पातळीवर होतं.

थोडक्यात, करार सगळ्यांसाठी एकच छापला जात असला, तरी त्याचं वजन तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. अनेक करारांत मधेच एक ओळ असते: ‘तुमच्या देशातला कायदा परवानगी देत नसेल तर ही मर्यादा तुम्हाला लागू नाही’. ती शोधा. ती कंपनीचीच कबुली असते, आणि नोटिशीत शब्दशः उतरवायला उत्तम.

आता तुमच्या तक्रारीवर येते, आणि इथे मला थोडं कडू बोलावं लागेल.

‘माझे इतक्या वर्षांचे गेम, माझे पोशाख’ हा मुद्दा वाटतो तितका मजबूत नाही. जवळजवळ प्रत्येक करार म्हणतो, की तुम्ही विकत काही घेतलं नाही, वापरायचा परवाना घेतला, आणि अटी मोडल्या तर तो काढून घेता येतो. खेळाडूंना हे अन्यायाचं वाटतं आणि त्यात तथ्य आहे. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, तेव्हा पैसे मोजून घेतलेला गेम एका दिवसात निरुपयोगी झाला, आणि त्यातूनच युरोपात खेळाडूंची मोठी चळवळ उभी राहिली. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, की डिजिटल वस्तू विकताना ‘खरेदी’ असा शब्द वापरायचा असेल तर हा परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. पण ‘स्पष्ट सांगा’ याचा अर्थ ‘मालकी द्या’ असा होत नाही. उलट टोकाचं एक उदाहरण २००३ मधलं आहे. सर्व्हरमधल्या ढिलाईमुळे एका खेळाडूची आभासी शस्त्रं चोरीला गेली, तेव्हा ती परत द्या असा आदेश बीजिंगच्या न्यायालयाने गेम कंपनीला दिला. तिथे दोष कंपनीच्या सुरक्षेचा होता. तुमच्यावर आरोप आहे नियम मोडल्याचा. दोन्हींत फरक आहे.

म्हणून मागणी तीन थरांत मांडा, सगळ्यात भक्कम आधी. वॉलेटमधली न वापरलेली शिल्लक हा पहिला थर. हे पैसे तुम्ही दिले, त्या बदल्यात अजून काहीच घेतलेलं नाही. करारात ‘बॅन झाल्यास शिल्लक जप्त’ असं असलं तरी नुकसान किती हे न दाखवता पैसे गिळणं कुठल्याही ग्राहक मंचापुढे समर्थन करायला अवघड जातं. चालू सीझन पासचा किंवा सदस्यत्वाचा उरलेला काळ हा दुसरा थर. तो काळ मोजता येतो, म्हणजे रक्कमही सांगता येते. तिसरा थर जुन्या गेमचा. तिथे पैसे मागण्यापेक्षा बॅनचा फेरविचार मागा. एका ओळीचं कारण पुरेसं नाही, कोणत्या तारखेला, कोणत्या गेममध्ये, कशाच्या आधारे हे ठरलं ते सांगा. कंपन्या चीट पकडण्याची पद्धत उघड करत नाहीत आणि ते समजण्यासारखं आहे, पण तारीख आणि गेम सांगायला कुणाची हरकत नसावी. एकाच आठवड्यात इतके जण बॅन झालात, याचा अर्थ एखाद्या स्वयंचलित तपासणीने सगळ्यांना एकाच जाळ्यात ओढलं असण्याची शक्यता आहे. तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांकडे समान असं काय होतं ते शोधा: कीबोर्डचं एखादं सॉफ्टवेअर, स्क्रीनवर चित्र दाखवणारं ओव्हरले, तेच अपडेट. दहा रागावलेल्या पोस्टपेक्षा असं एक टिपण जास्त कामाचं. (आणि ग्रुपमधल्या कुणी खरंच चीट वापरलं असेल, तर त्याला सौजन्याने बाजूला ठेवा. एक खोटा निघाला की बाकीच्यांची बाजू त्याच्याबरोबर बुडते.)

मानसिक त्रासाची मोठी भरपाई मागावी का, असं ग्रुपवर कुणीतरी सुचवलं असेलच. करारात दायित्वाची मर्यादा असते, बहुतेक वेळा मागच्या सहा किंवा बारा महिन्यांत तुम्ही दिलेली रक्कम, कधी त्याहूनही कमी. ती मर्यादा प्रत्येक देशात टिकत नाही, तरी न्यायाधीशांसमोर ती आकडा म्हणून असतेच. अवास्तव आकडा लिहिलात तर खऱ्या मागणीचाही मान जातो. २०११ च्या प्लेस्टेशन प्रकरणातले दावेदारही इथेच अडखळले होते. २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांचे बरेच मुद्दे उडवले, आणि त्यामागे एक कारण हे होतं, की सुरक्षा परिपूर्ण नसल्याचं कंपनीने आपल्या गोपनीयता धोरणात आधीच लिहून ठेवलं होतं. दोन वर्षांनी तडजोड झाली ती सुमारे दीड कोटी डॉलरची, त्यातही बराच भाग गेम आणि सेवांच्या रूपात. त्याच घटनेबद्दल ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी मात्र जानेवारी २०१३ मध्ये अडीच लाख पौंडांचा दंड ठोकला.

यातला बोध तुमच्या कामाचा आहे. करारावर ‘मान्य’ तुम्ही म्हटलंय. सरकारी नियामकाने म्हटलेलं नाही. त्यामुळे त्याला लवादाची अट लागू होत नाही आणि गाव लांब पडत नाही. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइटवाल्या एपिक गेम्सकडून ५२ कोटी डॉलर कबूल करून घेतले. त्यातले २४ कोटी ५० लाख खेळाडूंना परत द्यायचे होते, कारण चुकून बटण दाबलं जाईल अशा रचनेने त्यांच्याकडून खरेदी करवून घेतल्याचा आरोप होता. सामूहिक दाव्याने जे वर्षानुवर्षं झगडून मिळालं नसतं ते असं मिळालं. म्हणून वैयक्तिक तक्रारीसोबत ग्रुपमधल्या प्रत्येकाने आपल्या देशातल्या ग्राहक खात्याकडेही तक्रार नोंदवावी. एकसारख्या शंभर तक्रारी आल्या की तिथला अधिकारी फाइल उघडतो. मजकूर मात्र एकमेकांचा चिकटवू नका, प्रत्येकाने आपली तारीख, आपली रक्कम, आपला पत्रव्यवहार लिहावा.

एपिकच्या त्याच प्रकरणात आणखी एक आरोप होता, तो तुम्ही सगळ्यांनी वाचायलाच हवा. मान्य नसलेल्या रकमा कार्ड कंपनीकडून परत मागणाऱ्या ग्राहकांची अकाउंट कंपनीने बंद केली होती. तेव्हा ज्यांचं अकाउंट अजून चालू आहे त्यांनी रागाच्या भरात बँकेला फोन करून जुने व्यवहार उलटवू नयेत. तुमचं तर बंदच आहे, तरी सध्या ते टाळा, कारण फेरविचाराचा अर्ज चालू असताना कंपनीला ‘याने पैसेही उलटवले’ असं नवं कारण आयतं मिळेल. अकाउंटमध्ये अजून थोडाफार शिरकाव होत असेल तर आजच खरेदीचा इतिहास, पावत्या, शिल्लक दाखवणारं पान, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. शिरकाव नसेल तर पावत्यांचे ईमेल आणि बँकेचं विवरण गोळा करा.

मग नोटीस. बहुतेक करारांत वाद सुरू करण्याआधी कंपनीला लेखी कळवून ३० किंवा ६० दिवस थांबायचं, अशी अट असते. लोक ती कंटाळून सोडून देतात आणि पुढे याच मुद्द्यावर त्यांचं प्रकरण परत पाठवलं जातं. करारात नोटिशीसाठी दिलेला पत्ता सपोर्ट चॅटपेक्षा निराळा असतो, तो नीट उतरवून घ्या. सपोर्टच्या बॉटशी पन्नास वेळा बोललात तरी ती नोटीस नव्हे. नोटीस एका पानाची पुरे: अकाउंटचं नाव, घटनेची तारीख, वरचे तीन थर, प्रत्येकापुढे रक्कम किंवा मागणी, आणि उत्तराची मुदत. प्रत्येकाने आपली वेगळी पाठवायची, पण सगळ्यांनी एकाच आठवड्यात. सामूहिक दावा तुमच्या देशात शक्य असो वा नसो, एकाच वेळी पडलेला ढीग कंपनीच्या कायदा विभागाला दिसतोच.

भावाच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, दाबू दे. नाही दाबलं तर त्याचे गेम अडकतील आणि त्या हट्टातून काही हाती लागणार नाही. पण दाबण्याआधी पूर्ण मजकूर सेव्ह करून तारीख लिहून ठेवायला सांगा. मग त्यात लवाद आणि सामूहिक दावा हे दोन शब्द शोधायचे. कलम असेल आणि त्यातून बाहेर पडण्याची मुदत दिली असेल, तर मुदतीच्या आत, करारात सांगितलेल्या पद्धतीनेच, नकार कळवायचा आणि पोचपावती जपायची. अशा नकाराने अकाउंटला धक्का लागत नाही, सेवा तशीच चालते, फक्त ते एक कलम त्याला लागू होत नाही. हे इतकं फुकटचं संरक्षण फार थोडे लोक घेतात. आणखी एक पाहा: नवा करार जुन्या वादांनाही लागू होईल असं त्यात लिहिलंय का? तसं असेल, आणि ग्रुपमधल्या कुणाचं दुसरं अकाउंट त्याच कंपनीकडे चालू असेल, तर नोटीस आधी पाठवा, नवा करार नंतर मान्य करा.

शेवटचं ग्रुपमधल्या लहानांबद्दल. तुम्ही लिहिलं नाहीत, पण खेळाडूंच्या ग्रुपमध्ये अठराच्या आतली मुलं असणारच. अशा, कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’, मुलाने केलेला करार मोठ्या माणसाच्या कराराइतका बांधत नाही. भारतात तो मुळातच रद्दबातल असतो, इतर अनेक देशांत मुलाला तो नाकारता येतो. त्यांची बाजू त्यामुळे काही बाबतींत तुमच्यापेक्षा भक्कम आहे, पण ती त्यांना स्वतः मांडता येणार नाही. त्यांच्या नोटिशीवर आई किंवा वडिलांची सही लागेल, आणि कार्ड कुणाचं होतं, करार कुणाच्या नावाने मान्य केला होता, हे आधी घरी विचारावं लागेल. त्यांची प्रकरणं तुमच्या तक्रारीत मिसळू नका, वेगळी पाठवा.